परदेशी ऑनलाइन दुकानासाठी गोव्यातून टीम चालवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहक लंडनला, मालक सिडनीला किंवा न्यूयॉर्कला आणि काम करणारी माणसं म्हापसा, फोंडा, डिचोली, काणकोणात आपापल्या घरी. अशी टीम उभी करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

अशा टीमकडे कोणतं काम द्यावं आणि कोणतं देऊ नये?

रोज येणारं आणि रोज साधारण तसंच असणारं काम द्या. "माझं पार्सल कुठे आहे" छापाच्या ईमेल, परतावे, मालाची पानं चढवणं, फोटोंची काटछाट, साठ्याचा ताळमेळ, बिलांच्या नोंदी. पहिल्या तीन महिन्यांत जाहिरातींचं बजेट, किमती ठरवणं आणि पुरवठादाराशी घासाघीस मालकाकडेच राहू द्या. यात गोव्यातल्या माणसाची कुवत कमी पडते असं नाही. हे निर्णय कशाच्या आधारे घेतले जातात ते मालकाने कुठेच लिहून ठेवलेलं नसतं, आणि जे मालकाच्या डोक्यातच आहे ते हजारो किलोमीटरवर बसलेल्याला कळायचं कसं?

सुरुवात कुठून करायची? आधी माणूस की आधी कामाची पद्धत?

आधी पद्धत. माणूस घ्यायच्या आधी दोन आठवडे मालकाने प्रत्येक काम करताना स्क्रीन रेकॉर्ड करायची आणि तोंडाने बोलत जायचं: आता हे उघडतोय, आता हे बघतोय, हे दिसलं म्हणून असं करतोय. त्या रेकॉर्डिंगवरून एकेका कामाचं एकेक पान तयार करायचं. पान म्हणजे काय, ते 'पार्सल मिळालं नाही' या एका तक्रारीवरून बघा:

१. ट्रॅकिंग उघडा आणि शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा.
२. कामाचे तीन दिवस उलटले नसतील तर 'वाट पाहा' हा ठरलेला मजकूर पाठवा आणि तिकीट (म्हणजे त्या तक्रारीची प्रणालीतली नोंद) तीन दिवसांनी पुन्हा वर येईल असं लावा.
३. तीन ते सात दिवस झाले असतील तर कुरियरकडे चौकशी नोंदवा. चौकशीचा क्रमांक तिकिटात लिहा.
४. 'पोचलं' असं दिसत असेल तर डिलिव्हरीचा फोटो मागवा. शेजारी, दारामागची जागा, घरातलं दुसरं कुणी, हे तिन्ही प्रश्न एकाच ईमेलमध्ये विचारा.
५. ऑर्डर ४० पौंडांच्या आतली असेल तर विचारायला न जाता नवं पार्सल पाठवा. त्यावरची असेल तर मालकाला विचारा.

सगळ्यात महत्त्वाची पाचवी ओळ. तो आकडा लिहिलेला नसेल तर प्रत्येक तिकीट मालकाच्या उठण्याची वाट पाहत पडून राहतं, आणि टीम असून नसल्यासारखी होते. पानं पंधरा-वीस झाली की पहिला माणूस घ्या. तो हाताने काम करणारा असू दे. मॅनेजर आधी घेतला तर सांभाळायला त्याच्याकडे कुणीच नसतं.

किती माणसं लागतील?

अंदाजाने ठरवू नका, गणित करा. समजा दिवसाला १२० तिकिटं येतात आणि एकाला सरासरी ७ मिनिटं लागतात. म्हणजे ८४० मिनिटं, १४ तास. आठ तासांच्या पाळीत माणूस प्रत्यक्ष तिकिटांवर साडेपाच तासच असतो. उरलेला वेळ चहा, जेवण, नोंदी आणि एकमेकांना विचारण्यात जातो. १४ भागिले साडेपाच म्हणजे अडीचच्या थोडं वर. दुकान सातही दिवस आणि माणूस पाच दिवस काम करणार असेल तर त्याला ७/५ ने गुणा: साडेतीन. रजा आणि आजारपणासाठी वर दहा टक्के धरा. चार माणसं. तीन घेतलीत तर टीम दोन महिने धावेल, मग एकाला ताप येईल आणि तिकिटांचा ढीग साचेल.

गोव्यात अशी माणसं कुठे मिळतात?

हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर काम केलेली माणसं तक्रारी फार छान हाताळतात. चिडलेल्या पाहुण्याला शांत करणं त्यांच्या हाडीमासी खिळलेलं असतं. पण दोन गोष्टी बघून घ्या. एक, लिहिण्याची चाचणी घ्या. समोर उभं राहून गोड बोलणारा ईमेलमध्ये कोरडा वाटू शकतो. दोन, ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की हॉटेलं त्यांना परत बोलावतात. मे-जूनमध्ये घेतलेला माणूस नेमका तुमच्या गर्दीच्या तोंडावर जाऊ शकतो, म्हणून हा विषय मुलाखतीतच उघड काढा. जहाजावरच्या पुढच्या कॉन्ट्रॅक्टची वाट पाहणाऱ्यांचंही तेच. माणसं उत्तम, शिस्तीची, पण बोलावणं आलं की आठ दिवसांत बॅग भरणार. त्यांना ठरावीक मुदतीचं काम द्या, म्हणजे दोघांनाही ओझं नाही.

मुलं लहान म्हणून नोकरी सोडलेल्या शिक्षिका, अकाउंट्स केलेल्या बाया या गटाकडे फार कमी लोक वळतात. सलग आठ तास त्यांना जमत नाहीत, चार-चार तासांच्या दोन पाळ्या जमतात. ईमेलच्या कामाला तेवढं पुरतं.

चाचणी कशी घ्यावी?

तीन तासांची, आणि पैसे देऊन. फुकट चाचणी घेणाऱ्याकडे चांगला माणूस फिरकत नाही. तीन भाग ठेवा. पहिल्यात सहा ग्राहकांच्या ईमेल, त्यातली एक शिवराळ आणि एक इतकी संदिग्ध की उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तरच देता येणार नाही. दुसऱ्यात चाळीस ओळींची मालाची यादी, तिच्यात मुद्दाम पेरलेल्या पाच चुका. तिसऱ्यात एक पान वाचून त्याप्रमाणे काम. संदिग्ध ईमेलला ठोकून उत्तर देणारा उमेदवार इंग्रजीत कितीही सफाईदार असला तरी नको. 'हे नीट कळलं नाही, ऑर्डर नंबर मिळेल का' असं विचारणारा घ्या.

इंग्रजी किती चांगलं हवं? उच्चार बदलावा लागतो का?

ईमेल आणि चॅटमध्ये उच्चाराचा प्रश्नच नाही, आणि फोनवर हळू बोललं की भागतं. शाळेत घोटवलेले 'काइंडली डू द नीडफुल', 'रिव्हर्ट बॅक', 'प्रीपोन' मात्र काढून टाकावे लागतात. परदेशी ग्राहक गोंधळतो. त्याहून घात करते ती तारीख. ०४/०५ म्हणजे ब्रिटिश ग्राहकाला ४ मे आणि अमेरिकनाला ५ एप्रिल. महिना नेहमी अक्षरात लिहा.

घड्याळाचं काय? रात्रपाळी टळते का?

ब्रिटनसाठी बहुतेक टळते. तिथले सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारी २.३० ते रात्री १०.३०, आणि उन्हाळ्यात १.३० ते ९.३०. सिडनीसाठी उलट, पहाटे उठावं लागतं: तिथले ९ ते ५ म्हणजे आपले पहाटे ४.३० ते दुपारी १२.३०, आणि तिथल्या उन्हाळ्यात आणखी एक तास आधी. न्यूयॉर्क खरं अवघड. हिवाळ्यात संध्याकाळी ७.३० ते पहाटे ३.३०.

आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे होत नाही, त्यांच्याकडे होतं, तेही वेगवेगळ्या तारखांना. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या. मागे येताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. दोन्ही देशांचे ग्राहक असतील तर मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा पाळ्यांचं नेहमीचं गणित चुकतं. मीटिंगची वेळ कॅलेंडरमध्ये ग्राहकाच्या शहराची धरून टाका.

पूर्ण रात्रपाळी ईमेलसाठी लावू नका. संध्याकाळी ६ ते रात्री ११ आणि सकाळी ६ ते ९ अशा दोन तुकड्यांत न्यूयॉर्कचं बरंचसं काम निघतं, आणि माणसं टिकतात. ग्राहकाला उत्तर बारा तासांत मिळालं तरी चालतं, फक्त तसं दुकानाच्या पानावर आधी लिहिलेलं हवं. महिला रात्री काम करणार असतील तर त्यांची लेखी संमती घ्या, आणि ऑफिसात बोलावत असाल तर ने-आणीची गाडी तुमची.

पावसाळ्यात वीज जाते, नेट जातं. मग?

हा प्रश्न जूनमध्ये विचारू नका, एप्रिलमध्ये विचारा. माडाची झावळी तारेवर पडली की वाड्याची, म्हणजे सगळ्या वस्तीची, वीज तासन्‌तास जाते, आणि घरच्या नेटबरोबर थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही मान टाकतो.

प्रत्येकाच्या घरी इन्व्हर्टर हवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाताशी ९०० ते १,०००. लॅपटॉप ६०, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, पंखा ७०, दिवा १०: एकूण १६० वॅट. साधारण सहा तास निघतात. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांना जोडलेला असतो, पण फायबरचा डबा भलत्याच प्लगवर असतो. वीज गेली की लॅपटॉप चालू, नेट बंद. पहिल्याच दिवशी मेन स्विच खाली करून बघायला सांगा. पाच मिनिटांत खरं काय ते कळतं.

नेटच्या दोन जोडण्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या हव्यात. एकाच कंपनीचं फायबर आणि सिम घेतलं की दोन्ही एकदम जाण्याची शक्यता वाढते. वेग मोजायचा तो दुपारी नव्हे, माणूस ज्या वेळेत काम करणार त्या वेळेत, बहुधा रात्री ८ ते १०, सारा वाडा सिनेमा बघत असताना. व्हिडिओ कॉलला अपलोड ५ एमबीपीएस पुष्कळ. कॉल तुटतात ते बहुधा वेगामुळे नाही, मध्ये पाकिटं (नेटवरून जाणाऱ्या माहितीचे तुकडे) गळतात म्हणून. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांतला माणूस घेताना ही तपासणी कराराच्या आधी करा. आणि जवळच्या शहरात एक को-वर्किंगची खुर्ची महिन्याच्या बोलीवर धरून ठेवा. दोन दिवस वीज नसली की तिची किंमत कळते.

लॅपटॉप कपाटात बंद ठेवू नका, बुरशी धरते. विजा चमकायला लागल्या की चार्जर आणि नेटची वायर दोन्ही काढा.

माणसं पगारावर घ्यावीत की फ्रीलान्सर म्हणून?

वेळ तुम्ही ठरवणार, साधनं तुमची, दुसऱ्याचं काम करायची मुभा नाही, आणि कागदावर मात्र 'फ्रीलान्सर'? वाद झाला तर कागदापेक्षा प्रत्यक्ष वागणूक पाहिली जाते. अशा माणसाला पगारावरच घ्या. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) येतं, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी; मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. खऱ्याखुऱ्या फ्रीलान्सरला व्यावसायिक सेवेसाठी वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर दिलेत तर, तुमच्या उलाढालीनुसार, १० टक्के टीडीएस कापायची जबाबदारी तुमच्यावर येते.

परदेशी मालकाने इथल्या माणसांना थेट नोकरीवर घेतलं आणि त्यातला कुणी त्याच्या वतीने करार करायला लागला, तर मालकाची भारतात कायम आस्थापना (करासाठी इथलंच ठाणं) धरली जाऊन त्याच्या नफ्यावर इथे कर लागू शकतो. म्हणून बहुतेक लोक गोव्यात एक प्रोप्रायटरशिप, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड काढतात आणि परदेशी दुकानाला सेवा विकतात. पहिला करार करायच्या आधी सीएकडे जा.

परदेशातून पैसे कसे आणायचे? जीएसटी लागतो का?

सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. निर्यात केलेल्या सेवेवर करदर शून्य, पण तो आपोआप मिळत नाही. दरवर्षी आर्थिक वर्ष सुरू होताच पोर्टलवर आरएफडी-११ नमुन्यात एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरावं लागतं आणि बिलावर तसा उल्लेख लागतो. एप्रिलमध्ये एलयूटी विसरायचं आणि जुलैमध्ये आठवायचं, ही चूक इतक्यांकडून होते की ३१ मार्चलाच गजर लावून ठेवा. नोंदणी असेल तर लॅपटॉप आणि इंटरनेटवर भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. कष्ट आहेत, पण रक्कम सोडण्यासारखी नसते.

बँक प्रत्येक आवकेसाठी परपज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा क्रमांक) विचारते. सॉफ्टवेअरच्या कामाला पी०८०२, व्यवसाय-सल्ल्याच्या सेवेला पी१००६. बिलावरचा मजकूर आणि कोड जुळू दे. आवकेचा दाखला दर वेळी डाउनलोड करून ठेवा. दोन वर्षांनी मागायला गेलात तर शाखेत हेलपाटे ठरलेले.

'शुल्क शून्य' या जाहिरातीकडे बघू नका, हातात आलेले रुपये भागिले पाठवलेले डॉलर करा. बाजारभावापेक्षा दीड टक्का कमी दर मिळाला तर ४,००० डॉलरमागे ६० डॉलर गेले. पगार रुपयांत द्यायचे आणि बिल डॉलरमध्ये येतं, म्हणून दोन महिन्यांचे पगार खात्यात बाजूला असल्याशिवाय पाचवा माणूस घेऊ नका.

रोज टीम कशी चालवायची?

पाळी संपताना लिहिलेल्या नोंदीवर. मीटिंग आठवड्याला एक, अर्ध्या तासाची, पुरते. नोंद मात्र रोज. 'दोन तिकिटं बाकी, बघून घ्या' ही नोंद नव्हे. ही नोंद:

'ऑर्डर ४४१७. पार्सल लीड्सच्या डेपोत अडकलंय. कुरियरला ईमेल केला, उत्तर यायचंय. ग्राहकाला उद्या त्यांच्या दुपारी २ पर्यंत कळवतो म्हटलंय. तोवर उत्तर आलं नाही तर नवं पार्सल पाठवा, पैसे परत करू नका, त्यांना वाढदिवसासाठी वस्तूच हवी आहे.'

यात काय झालं, काय शब्द दिला आणि नाहीच झालं तर काय करायचं, हे तिन्ही आलं. पुढच्या पाळीला फोन करावा लागत नाही. नवा माणूस पहिले दोन आठवडे अशी नोंद लिहायला कंटाळतो. त्याला दुसऱ्याची अर्धवट नोंद घेऊन एक दिवस काम करू द्या, मग तो स्वतःच पूर्ण लिहायला लागतो.

आपल्याकडची एक अडचण मालकाला आधीच सांगून ठेवा. मोठ्याला 'बाब' लावायची सवय असलेला माणूस परदेशी मालकाला तोंडावर 'नाही जमणार' म्हणत नाही. 'ट्राय करतो' म्हणतो, आणि मालक ते 'हो' समजतो. म्हणून 'कळलं का?' असं विचारू नका, 'तू आता पहिलं काय करणार?' असं विचारा.

स्क्रीनशॉट घेणारं, माऊस मोजणारं सॉफ्टवेअर लावावं का?

नको. माऊस हलवत ठेवणारं यंत्र ऑनलाइन मिळतं आणि हुशार माणूस ते आणतो. काम मोजा: पहिलं उत्तर किती वेळात गेलं, किती तिकिटं पुन्हा उघडली, किती परतावे चुकीचे निघाले. दर आठवड्याला प्रत्येकाची दहा तिकिटं चिठ्ठी टाकून काढा आणि त्याच्याबरोबर बसून वाचा. पुन्हा उघडणारी तिकिटं वाढली तर आधी पान तपासा, मग माणूस. बहुतेक वेळा दुकानाचा नियम बदललेला असतो आणि पान जुनंच असतं.

पासवर्ड, ओटीपी, ग्राहकांची माहिती?

एकच पासवर्ड व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवणं हा शिरस्ता ताबडतोब मोडा. प्रत्येकाचं वेगळं खातं, कामापुरतेच अधिकार. परतावा देण्याची मर्यादा प्रणालीतच बसवा.

काम सगळ्यात जास्त अडतं ओटीपीवर. तो मालकाच्या फोनवर जातो, मालकाच्या पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि इथे चार माणसं हात बांधून बसतात. फोनवरच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटरचा (असे कोड तयार करणाऱ्या ॲपचा) कोड लावा आणि तो टीमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) ठेवा. बँक आणि डोमेन यांचे कोड मात्र मालकाकडेच.

ग्राहकाचा कार्ड नंबर चॅटमध्ये आला तर लगेच पुसा, वहीत तर मुळीच उतरवू नका. युरोपातल्या ग्राहकांची माहिती हाताळत असाल तर जीडीपीआर (युरोपचा माहिती-संरक्षण कायदा) लागू होतो. माहिती फुटली तर दुकानाला ७२ तासांत तिथल्या नियामकाला कळवावं लागतं, म्हणजे तुम्ही दुकानाला त्याच दिवशी कळवायला हवं. सोमवारी बघू म्हणून भागत नाही.

सुट्ट्या कशा जुळवायच्या?

चवथीला कुणीही काम करणार नाही हे धरूनच चाला. दीड दिवसाचा गणपती असला तरी तयारी धरून चार-पाच दिवस जातात. ख्रिस्ती सहकारी त्या दिवसांत पाळ्या उचलतात आणि नाताळात परतफेड होते. मिश्र टीमचा हा सरळ फायदा आहे. वर्षाची यादी जानेवारीतच मालकाला पाठवा, १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनासकट, कारण त्याच्या कॅलेंडरमध्ये तो नसतो.

खरी टक्कर नोव्हेंबरअखेरची. सायबर मंडे (ऑनलाइन सवलतींचा सोमवार) २६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर यांच्यातच पडतो आणि जुन्या गोव्याच्या नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) २४ नोव्हेंबरला सुरू होऊन ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंत चालतात. म्हणजे दरवर्षी, न चुकता, दुकानाचा सगळ्यात गर्दीचा सोमवार नोव्हेनांत येतो. पहाटे मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जाणाऱ्यांना संध्याकाळची पाळी द्या. फेस्ताच्या दिवसाची रजा ऑक्टोबरमध्येच मंजूर करून टाका.

माणूस सोडून गेला तर?

नोटीस एक महिन्याची ठेवा, पण भरवसा एक आठवड्याचाच धरा. प्रत्येक कामाला दुसरा जाणणारा माणूस हवा; महिन्यातून एक दिवस कामांची अदलाबदल करा. जायच्या दिवशी याच क्रमाने: पासवर्ड मॅनेजरमधून नाव काढा, ईमेल बंद करून ती सहकाऱ्याकडे वळवा, दुकानाचं आणि कुरियरचं खातं बंद करा, त्याच्या फोनवर एखादा ऑथेंटिकेटर राहिला आहे का ते विचारा, लॅपटॉप परत घ्या. शेवटचा पगार वेळेवर द्या. गोवा लहान आहे, आणि पुढचा उमेदवार बहुधा त्याच्याच ओळखीचा असतो.